पाव फेरा

गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता ठकूचा फोन आला. संध्याकाळी घरी येतेय, चार दिवस राहीन म्हणाली. फोन एवढाच. कशासाठी, एकटीच का, हे आईने विचारलं नाही आणि लेकीने सांगितलं नाही. आईच्या एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्या तळव्यावर अँथुरियमचं भलंमोठं पान पालथं पडलं होतं. "ये की," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि पुसून झालेलं पान पुन्हा देठापासून पुसायला घेतलं.

ठकू हे बाबांनी ठेवलेलं नाव. तान्ही असताना लाकडी बाहुलीसारखी टुकूटुकू बघत बसायची म्हणून ठकू. पुढे चालायला लागली आणि त्या नावाचा तिच्याशी काही संबंध उरला नाही, कारण त्यानंतर ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नाही. आता पस्तिशीच्या उंबरठ्यावर होती, चार तासांच्या अंतरावरच्या शहरात नवऱ्याबरोबर राहायची आणि तिथल्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. सुट्टी म्हटली की तिच्या अंगावर काटा यायचा. अशी बाई आठवड्याच्या मध्यावर चार दिवस येते म्हणाली, तेव्हा आईच्या मनात पाल चुकचुकली.

पण त्याआधी दुसरा प्रश्न होता. तिला झोपवायचं कुठे?

ठकूची खोली आता ठकूची राहिलेली नव्हती. लग्नानंतर वर्षभर आईने ती जशीच्या तशी ठेवली. मग खिडकीशी कुंडीत एक फिलोडेंड्रॉन आला, त्याला सोबत म्हणून दोन कॅलेथिया आल्या आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर आईने धरबंदच सोडला. आता खिडकीला झिरझिरीत पांढरा पडदा, छताखाली ठरल्या वेळी आपोआप लागणारे दिवे, खडे आणि पाणी घातलेले ट्रे, कोपऱ्यात वाफ सोडणारं यंत्र. पानांना उष्ण आणि दमट हवा लागते, म्हणून दार कायम लोटलेलं. पलंग होता, पण त्यावर फळी आणि फळीवर कुंड्या. उशीच्या जागी अ‍ॅलोकेशिया उभी होती.

बाबांनी दारातून आत डोकावून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे कोणत्याही अडचणीच्या जागेत शिरण्यापूर्वी बाहेर उभं राहून विचार करायची त्यांना सवय होती.

"चार दिवस म्हणजे किती कुंड्या?" त्यांनी विचारलं.

प्रश्न थट्टेचा होता, पण आईला तो सकाळपासून छळत होता. दोन दिवसांची पाहुणी असेल तर पलंग मोकळा केला की पुरे. पण सगळी खोली रिकामी केली, तर त्याचा अर्थ आपण ती कायमची आली असं धरून चाललो. ठकू दारात पाऊल टाकताच ते ओळखेल. आणि काहीच हलवलं नाही, तर तुझ्यासाठी इथे जागा उरली नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. शेवटी आईने पलंग आणि पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी केली. निघालेल्या कुंड्या बैठकीत, न्हाणीघराच्या खिडकीत आणि बाबांच्या आरामखुर्चीच्या दोन्ही अंगांना गेल्या. बाबा तिथे बसून पेपर वाचायला लागले तेव्हा झुडपातून कोणी माणूस डोकावतोय असं दिसत होतं.

संध्याकाळी रिक्षा थांबली. आई खिडकीतून बघत होती. ठकू उतरली, मागून एक मोठी बॅग उतरली, खांद्याला पिशवी. मग रिक्षा निघून गेली. आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याचं कारण होतं. आईकडे एक जुना मॉन्स्टेरा होता, भोकाभोकांच्या पानांचा, शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर छतापर्यंत चढलेला. घरात त्याला थोरलं म्हणायचे. ठकूच्या लग्नात आईने त्याचीच एक फांदी रुजवून तिला दिली होती. ते धाकटं. ठकूने त्यानंतर दोनदा घर बदललं. दोन्ही वेळी सामान टेम्पोतून गेलं आणि धाकटं तिच्या मांडीवर बसून गेलं. पहिल्यांदा तर तिने नव्या घराच्या पत्त्याऐवजी नव्या खिडकीत ठेवलेल्या त्या झाडाचा फोटो पाठवला होता. झाड जिथे, ठकू तिथे, हा घरातला न बोललेला नियम होता. आज ते तिच्या मांडीवर नव्हतं. म्हणजे घर होतं त्या जागी होतं.

"बघ, रिकाम्या हाताने आली," आई हळूच बाबांना म्हणाली.

"एवढी बॅग आहे की."

"बॅग नाही हो."

बाबांना कळलं. त्यांनी मान डोलावली आणि बॅग उचलायला खाली गेले. वर येताना मात्र दोनदा थांबले. बॅग जड होती.

ठकूने घरात शिरताच सगळीकडे फिरून घेतलं. तलावाची दुरुस्ती चाललीय म्हणाली, पाणी काढलंय, त्यामुळे रजा. जावई कसे आहेत या प्रश्नाला "दुकानात" असं उत्तर आलं. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. बाबा त्याला माघारी चष्मेबहाद्दर म्हणत. एरवी ठकू या नावावर खिदळायची. या वेळी तिने भिंतीवरचं घड्याळ किती मागे आहे ते बघितलं.

पहिली सकाळ गमतीत गेली. झाडांचे दिवे सहाला लागायचे. ते बंद कसे करायचे हे आईने सांगितलंच नव्हतं. त्यामुळे पहाट होताच ठकूच्या तोंडावर लख्ख उजेड पडला. वाफेने केस ओले, उशी दमट, आणि डोळे उघडले तर नाकापासून वीतभर अंतरावर एक भलंथोरलं पान. ती बाहेर आली तेव्हा बाबा चहा घेत होते.

"काय ठकू, उगवलीस?"

ती हसली, पण चहा उभ्यानेच प्यायली.

चार दिवस झाले, पाच झाले. तिच्या पायाला भिंगरी लागली होती. स्वयंपाकघर ते बैठक, बैठक ते खोली, पुन्हा स्वयंपाकघर. नळाची वायसर बदलली, पंख्याची पाती पुसली, शेजारणीच्या दाराची कडी दुरुस्त करून दिली. फोन वाजला की उलटा करून ठेवायची आणि मग दर दोन मिनिटांनी सुलटा करून बघायची. बॅग खुर्चीवर अर्धी उघडी होती. रोज वरचे कपडे बाहेर यायचे, धुऊन पुन्हा बॅगेत जायचे. कपाटात नाही. टूथब्रशसुद्धा पिशवीत परत जात होता.

तिकडे झाडांनीही असहकार पुकारला. जागा बदललेली कॅलेथियाला खपत नाही. न्हाणीघरातल्या दोघींच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. अ‍ॅलोकेशियाने एक पान खाली टाकलं. बैठकीतली झाडं कोरड्या हवेने मलूल दिसायला लागली. परत खोलीत न्यावीत, तर लेकीची वाट बुजते. बाहेर ठेवावीत, तर ती आठवडाभरही टिकायची नाहीत. आई दिवसातून दोनदा एखादी कुंडी उचलायची, खोलीच्या दारापर्यंत न्यायची आणि परत आणायची. बाबांनी हे चार वेळा पाहिलं आणि पाचव्या वेळी म्हणाले की कुंडीला एकदा आत घेऊन जा, नाहीतर सरळ तिला विचार.

विचारणं आईला जमणारं नव्हतं, आणि हा काही तिचा स्वभाव नव्हता, तिच्या हाताला लागलेली शिस्त होती. ती तीस वर्षं रुग्णालयात एक्स-रे काढत होती. माणूस पडद्यामागून बाहेर येतो, शर्टाची बटणं लावता लावता विचारतो, बाई, काय दिसतंय? तिला सगळं दिसत असायचं. तडा दिसायचा, डाग दिसायचा, कधी कधी त्या माणसाचं उरलेलं आयुष्य दिसायचं. पण सांगायचा अधिकार तिचा नव्हता. "डॉक्टर सांगतील," एवढंच बोलायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. तीस वर्षांनी तो चेहरा कायमचा तसाच झाला. घरातही ती बघायची सगळं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

या दिवसांतच मधे रविवार आला होता. थोरल्याचं आणि खिडकीकडच्या सगळ्या कुंड्यांचं एक काम रविवारी असायचं. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे चारही बाजूंना सारखा उजेड लागतो आणि खोड सरळ वाढतं. ठकूला ही सवय लहानपणीच लागली होती. दात घासावेत तशी. आई फडकं घेऊन खोलीत गेली तेव्हा ठकूचं काम अर्ध्यावर आलं होतं. ती फोनवर काही वाचत होती आणि डावा हात एकेका कुंडीच्या काठाला धरून पाव फेरा देत होता. तिचं लक्षही नव्हतं. हात आपणहून चालला होता.

आईने ते बघितलं आणि उरलेल्या कुंड्यांची पानं पुसायला घेतली.

मंगळवारी दुपारी ठकू शेजारणीकडे गेली असताना आईने नियम अर्धा मोडला. विचारायचं नाही, हे खरं. पण झाडाची चौकशी करायला कोणाची हरकत? तिने जावयाला फोन लावला. तो अदबीने बोलला. हो आई, बरा आहे, दुकानात गर्दी आहे. आईने धाकट्याचं विचारलं. पाणी घालताय ना, नवं पान आलं असेल ना?  मग तो म्हणाला, आहे की, छान आहे. आई म्हणाली, एक फोटो पाठवा बरं, मला पान बघायचंय.

फोटो यायला तासभर लागला. झाड ठेवल्या जागी होतं, फोटो काढायला तासभर कशाला लागतो, हे आईला तेव्हा सुचलं नाही. तिने चष्मा लावला, खिडकीशी गेली आणि सवयीने फोन उजेडाकडे धरला. जसा फिल्म धरायची.

झाड जिवंत होतं, पण वाकडं झालं होतं. खोड खिडकीकडे कमरेतून झुकलेलं. जुनी पानं अवघडल्या मानेने उजेडाकडे वळलेली. वरची तीन पानं नवी, कोवळी, तिन्ही एकाच बाजूला. झाडाची दुसरी बाजू उघडी पडली होती. एका रविवारी कुंडी फिरवायची राहिली तर असं होत नाही. दोन रविवारीही नाही. एक पान यायला महिना घ्या, म्हणजे जवळपास तीन महिने त्या कुंडीला कोणाचा हात लागला नव्हता.

 ठकू जिथे असेल तिथे तिचा हात कुंडी फिरवल्याशिवाय राहत नाही. परवाच आईने बघितलं होतं. म्हणजे ठकू तीन महिने त्या घरात नव्हतीच. आणि तीन महिने तर तिचे फोन येत होते. आता चहा झाला, आता भाजी चिरतेय, धाकट्याला नवं पान आलंय. मग ती होती कुठे? कोणाकडे?

तिने बाबांना बैठकीतल्या झाडीत गाठलं आणि फोटो दाखवला. बाबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. त्यांना झाड दिसलं.

"कंटाळा केला असेल पोरीने. माणूस एखादं काम सोडतो."

"ती सोडत नाही. रविवारी हात बघितला मी तिचा."

"हातावरून तू थेट कुठे पोचलीस?" बाबा म्हणाले. "तीस वर्षं फोटो काढलेस, एकदा निदान केलं नाहीस. आता घरच्याच पेशंटवर सुरुवात?"

 बाबांनी फोन परत दिला. मग आवाज खाली आणून म्हणाले, की लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकली की आतला माणूस दार बडवतो, आणि बाहेरचा येडा कटावणी घेऊन धावतो. दार नंतर. आधी बाहेरून हाक मारायची, मी इथे आहे म्हणून सांगायचं. निम्मी माणसं तेवढ्याने शांत होतात.

"आणि उरलेली?"

"उरलेली जास्त बडवतात. पण निदान आत कोणीतरी आहे ते कळतं."

बुधवारी सकाळी ठकू खोलीत थोरल्याची पानं पुसत होती. स्टुलावर उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर. आईने दार लोटून घेतलं. यंत्राची बारीक फुसफुस चालू होती. काय बोलायचं ते तिने रात्रभर जुळवलं होतं, पण ऐन वेळी नुसता फोनच लेकीपुढे धरला.

"हे मागवलं मी. या रविवारी फिरवलेलं नाही. तीन महिन्यांत फिरवलेलं नाही." मग एका दमात म्हणाली, "तू कुठे होतीस गं?"

ठकू स्टुलावरून उतरली. फोन हातात घेतला. चेहऱ्यावर राग यायला हवा होता, आईने त्याची तयारीही केली होती. पण ठकूने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि झाडाकडे पाहिलंच नाही. तिने तो बाजूला सरकवला, खिडकी पाहिली, खिडकीचे गज पाहिले, मग अगदी कडेला नेला. तिथे ती थांबली. आठवड्यात पहिल्यांदाच तिचं अंग पूर्ण स्थिर झालं होतं.

"ही आमची खिडकी नाही, आई."

"म्हणजे?"

"आमच्या खिडकीला गज आहेत कुठे? मी घरातच होते. मी कुठे जाणार? तो गेला."

 एक्स-रेच्या कामात पहिल्या दिवशी जी गोष्ट शिकवतात, ती आई विसरली होती. फिल्म हातात आली की हाड नंतर बघायचं. आधी कड बघायची. कडेला नाव असतं आणि उजव्या-डाव्याची शिशाची खूण असते. ती न बघता जो नुसतं हाड बघतो, तो धड पाय कापायला पाठवतो. तीस वर्षं नव्या पोरींना तिने हे बजावून सांगितलं होतं. आणि पोटच्या पोरीच्या वेळी ती पानं मोजत बसली.

ठकू मग बोलली. सलग नाही, खोलीत फिरत, एका कुंडीशी एक वाक्य, दुसऱ्या कुंडीशी दुसरं. भांडण झालं नव्हतं. तीच तर अडचण होती, भांडण झालं असतं तर कोणाला काही सांगता तरी आलं असतं. बोलणं कमी होत गेलं, मग कामापुरतं उरलं. एका संध्याकाळी तो म्हणाला, थोडे दिवस वेगळं राहू. कुठे ते सांगितलं नाही आणि तिने मान राखून विचारलं नाही. विचारायचं नाही हे कोणाकडून शिकली, ते दोघींनाही ठाऊक होतं. तो दोन शर्ट घेऊन गेला. आणि धाकटं घेऊन गेला.

"झाड नेलं?" आईला हे कळेना. "तुझं झाड?"

"मी तलावावर होते. आले तर खिडकी रिकामी. कपडे नेले त्याचं काही वाटलं नाही गं. झाड का नेलं?" ती फर्नच्या ट्रेपाशी थांबली. "त्याला माहितीये ते. झाड जिथे तिथे मी. मीच सांगितलं होतं त्याला, पहिल्या वर्षी. मग नेलं कशाला? मी मागून यावं म्हणून? का मला घरच नाही असं सांगायला? तीन महिने हेच चाललंय डोक्यात. रोज एक उत्तर यायचं आणि सकाळी बदलायचं. शेवटी त्या खिडकीकडे बघवेना. म्हणून आले. तलाव चालू आहे, आई. रजा घेतलीय मी."

आईने विचारलं, की मग ती पानं? फोनवर सांगायचीस ती?

"अंदाजाने. त्याच सुमाराला येतं ना. तुला काहीतरी सांगायला हवं होतं." तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "तीन सांगितली होती. तीनच आलीत."

मग तिने फोन आईपुढे धरला आणि नखाने कडेवर टेकवलं. फोटोच्या डाव्या टोकाला आरशाची एक पट्टी आली होती. त्यात अक्षरं होती, उलटी, वर एक मोठं, खाली लहान, त्याखाली त्याहून लहान. डोळे तपासायचा तक्ता. आणि तक्त्याखाली जमिनीवर गुंडाळलेली गादी.

"दुकानाची मागची खोली," ठकू म्हणाली. "तिथे पंखासुद्धा नाही."

तासभर का लागला होता ते आईला आत्ता कळलं. त्याने तक्ता टाळून, गादी टाळून फोटो काढला होता. सगळं चुकवलं आणि आरसा विसरला. ठकूला इतके दिवस कोणती भीती खात होती, तेही त्या क्षणी आईला समजलं, कारण ती भीती लेकीच्या चेहऱ्यावरून जाताना तिने पाहिली. दुसऱ्या कोणाचं घर नव्हतं ते. दुसऱ्या कोणाचा पडदा नव्हता, दुसऱ्या कोणाची कपबशी नव्हती. एकटा माणूस, गादी, आणि एक वाकडं झाड.

पण तिच्या चेहऱ्यावर हे फार वेळ टिकलं नाही. आता नवा गुंता होता. दुसरं कोणी असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. कोणीच नसताना, पंखा नसलेल्या खोलीत जमिनीवर झोपणं या माणसाला घरापेक्षा बरं वाटलं. ठकूने ते मोठ्याने म्हणून दाखवलं आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

आईने जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या फेऱ्यांच्या वाटेतच. "मी आहे इथे," ती म्हणाली. वाक्य बाबांचं होतं, पण तिला दुसरं सुचलं नाही.

ठकू दार बडवणाऱ्यांपैकी निघाली. ती दुपारपर्यंत रडली, आणि रडता रडता खिडकीच्या काचा धुतल्या.

जेवताना बाबांना सगळं सांगण्यात आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की झाडाला तिथे पाणी कोण घालतं? आई म्हणाली, तोच. पानं टवटवीत आहेत, मातीही ओली दिसते. फक्त फिरवत नाही. कोणी सांगितलेलं नाही त्याला.

"मग सांगा की," बाबा म्हणाले.

आईने ठकूकडे पाहिलं. ठकूने ताटाकडे पाहिलं. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. संध्याकाळी आईने जावयाला निरोप लिहिला. चार वेळा लिहून पुसला, कारण प्रत्येक वेळी त्यात काहीतरी जास्तीचं येत होतं. शेवटी जे गेलं ते असं होतं: झाड छान आहे. दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे सरळ होईल. तिकडून "बरं आई" आलं. पुढे काही नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे गेले की घड्याळाची बॅटरी संपत आलीय की काय असं वाटावं. ठकूने तलावावर फोन करून रजा वाढवली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारलं, की लवकर आले तर चालेल का. टूथब्रश न्हाणीघरातल्या पेल्यात दिसायला लागला, पण बॅग तशीच अर्धी उघडी होती. अ‍ॅलोकेशियाने दुसरं पान टाकलं. आई म्हणाली, हिला आता दमट हवा मिळाली नाही तर ही जाते. ठकू म्हणाली, मग आण ना आत. आई म्हणाली, आणते. पण आणली नाही.

आज रविवार. सकाळी ठकूने सगळ्या कुंड्या फिरवल्या, नंतर थोरल्यालाही फिरवलं. त्याला दोघं लागतात, म्हणून बाबांना बोलावलं. साडेदहाला आईच्या फोनवर फोटो आला. मागवला नव्हता.

तीच खिडकी, तेच गज. या वेळी आईने आधी कड पाहिली. आरसा होता. त्यात तक्ता होता, गादीही होती. काहीच चुकवलेलं नव्हतं. मग झाडाकडे पाहिलं. धाकटं फिरवलं होतं, पण पाव नाही, पुरतं अर्धं. खिडकीकडे कललेली सगळी पानं आता खोलीकडे तोंड करून, फोटो काढणाऱ्याकडे एकटक बघत होती. दिसायला सुंदर होतं. झाडाच्या दृष्टीने मात्र त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केल्यासारखं. आता ती पानं आठवडाभर मान मोडून पुन्हा मागे वळणार.

"अर्धं फिरवलं," आई म्हणाली. "पाव सांगितलं होतं मी."

ठकूने फोटो पाहिला आणि हसली. थोडंसंच, नाकातून, पण लहानपणचं. "चष्म्याचा नंबर चुकत नाही त्याचा कधी. आणि कुंडी चुकली."

"तूच सांग," बाबा झाडीतून म्हणाले. "आईचं निदान आपण ऐकत नाही."

ठकू फोन घेऊन खोलीत गेली. स्वतःचा फोन, आईचा नाही. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे वाफ बैठकीत यायला लागली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, लिहिलं. काय लिहिलं, हे आईने विचारलं. तोंडातून निघून गेल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"एवढंच, की खोडाला हात न लावता काठ धरायचा. आणि अर्धा फेरा नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

निरोप त्याने लगेच वाचला, तशी खूण दिसली. मग तो लिहितोय असं दिसलं. मग थांबलं. पुन्हा लिहितोय असं दिसलं. ठकूने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि सुलटा केला. बॅगेची चेन एकदा लावून पाहिली, पुन्हा उघडली. आईने तेवढ्यात अ‍ॅलोकेशियाची कुंडी उचलली आणि खोलीच्या दारापर्यंत नेली. खाली वाकलेल्या बाबांनी वाटेतला ट्रे बाजूला ओढून धरला होता.

"आत की बाहेर?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," आई म्हणाली.

दुपारी एक वाजेपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. कुंडी दारातच होती.